रेषेचे वळण आणि नजरेची शिस्त

चित्रकलेविषयी आपल्या घराघरांत दोन वाक्ये ठरलेली असतात. एखाद्या मुलाने बरे चित्र काढले, की 'याच्या हातातच कला आहे' असे कौतुकाने म्हटले जाते. दुसऱ्याचे चित्र फसले, की 'आपल्या घराण्यात कोणाच्या हाताला हे वळण नाही' असे म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही वाक्ये प्रेमानेच उच्चारली जातात, पण दोहोंचा परिणाम एकच होतो. पहिल्या मुलाला वाटते, आपल्याला शिकण्याची गरज नाही. दुसऱ्याला वाटते, शिकून उपयोग नाही. नऊ-दहा वर्षांच्या वयात झालेला हा निवाडा पुढे पन्नास-साठ वर्षे कोणी तपासून पाहत नाही. या वेळी त्याची फेरतपासणी करावी असे योजिले आहे, आणि तीही कलेचा विचार सहसा ज्या ठिकाणी कोणाच्या मनात येत नाही अशा एका ठिकाणापासून.

सोलापूरहून पुण्याकडे निघाले, की शहर मागे पडल्यावर मोहोळच्या अलीकडे महामार्गालगत चिंचोळी एमआयडीसी लागते. पत्र्याच्या उंच शेड, मालमोटारींच्या रांगा, पाळी सुटताना होणारी दुचाकींची गर्दी आणि भोवती मोकळे, कोरडे माळरान. यंत्रांचे सुटे भाग, रसायने, कापड अशा नाना उद्योगांची ही वसाहत. येथे चित्रकला कुठून यायची, असे कोणालाही वाटेल. पण विचार करून पाहिले, तर यंत्राचा एकही भाग आधी कागदावर काढल्यावाचून लोखंडात उतरत नाही. समोरून, वरून आणि बाजूने अशी एकाच वस्तूची तीन दृश्ये, प्रत्येकाची मापे, आत दडलेल्या कडांसाठी तुटक रेषा आणि मध्यासाठी लांब-आखूड रेषा, अशी ही चित्रांची एक पूर्ण भाषाच आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत वरून दिसणारे दृश्य कागदावर समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. नवख्याला हे उलटे वाटते. सवयीने तेच सहज होते. आयटीआयमध्ये आरेखकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, आणि फिटर किंवा टर्नर होणाऱ्यालाही हे रेखाटन शिकावेच लागते. ज्या तरुणाला कागदावरच्या तीन सपाट आकृत्यांवरून मनात घन वस्तू उभी करता येते, आणि गरज पडली तर खडूने जमिनीवर चार रेषांत ती दुसऱ्याला समजावता येते, त्याची वाट मदतनीसाच्या कामाशी अडून राहत नाही. त्याच्यासाठी रेखाटन म्हणजे रिकाम्या वेळेचा छंद नसतो. ती त्याच्या भाकरीशी जोडलेली विद्या असते.

सोलापूरची दुसरी रेखाटनविद्या कापडातली आहे. चादरी-टॉवेलांचे माग मुख्यत्वे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आणि शहराच्या पूर्व भागात वाजतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी तेथे पोहोचते कशी, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. नक्षीचे हे विणकाम जॅकार्ड यंत्रावर होते. फ्रान्समधील लिऑन येथील जोझेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली ते सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडलेली असतात. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि त्याबरोबर उभा धागा वर येतो. जेथे छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पट्टी. याच तंत्राने १८३९ साली खुद्द जॅकार्ड यांचे व्यक्तिचित्र रेशमात विणले गेले, तेव्हा त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या.

या पट्ट्यांच्या आधी असतो तो ग्राफ. नक्षीकार चौकोनांच्या कागदावर आपली नक्षी उतरवतो. एक उभा रकाना म्हणजे उभ्या धाग्याची जागा, एक आडवी ओळ म्हणजे आडव्या धाग्याची फेरी. समजा, एखाद्या कापडात इंचाला ४० उभे आणि २० आडवे धागे आहेत. त्यावर एक फूट लांब-रुंद मोर हवा असेल तर ४८० रकाने आणि २४० ओळी, म्हणजे १,१५,२०० चौकोन होतात. त्यांतला प्रत्येक चौकोन रंगवायचा नसला, तरी प्रत्येकाविषयी निर्णय घ्यायचाच असतो. शिवाय अशा कापडासाठी सरळ चौरस ग्राफवर सुरेख वर्तुळ काढले, तर विणून आल्यावर ते रुंदीच्या दुप्पट उंचीचे होऊन बसते! म्हणून कागदाच्या चौकोनांचे प्रमाण धाग्यांच्या प्रमाणाशी जुळवून घ्यावे लागते.

आणि खरी कसोटी पुढे आहे. चौकोनांच्या कागदावर वळणदार रेषा मुळी काढताच येत नाही. काढता येतात त्या फक्त पायऱ्या. मोराच्या मानेचे वळण पायऱ्यांतून असे बांधायचे, की दोन हातांवरून पाहणाऱ्याला पायरी दिसू नये आणि मान लवलेली दिसावी. तीन चौकोन आडवे, एक वर. मग दोन आडवे, एक वर. मग एकास एक. आणि पुढे एक आडवा, दोन वर. हा क्रम एका ठिकाणी चुकला, की मानेला गाठ आल्यासारखी दिसते. त्यातच एखादा धागा फार लांबवर न बांधता मोकळा सोडला, तर तो वापरात अडकून ओढला जाणार, म्हणून नक्षी न बिघडवता मध्ये मध्ये त्याला बांधून घ्यावे लागते. सौंदर्य आणि टिकाऊपणा ही दोन्ही गणिते एकाच वेळी सोडवायची असतात. हे कौशल्य कोणी जन्मतः घेऊन येत नाही. जुने ग्राफ उतरवून घेणे, साधे काठ भरणे, पान, मग फूल, मग पक्षी अशा पायऱ्यांनीच ते अंगी मुरते. ग्राफवर बरोबर वाटलेले वळण कापडावर बिघडलेले दिसले, की मागे जाऊन नेमका कोणता चौकोन चुकला तो शोधायचा. वर्षानुवर्षे चालणारी ही दुरुस्ती हेच नक्षीकाराचे शिक्षण.

आता हे काम बहुतांशी संगणकावर होते. छायाचित्र दिले, की काही मिनिटांत त्याचे चौकोन पाडून मिळतात. मग हाताच्या सरावाला काय किंमत उरली, असा प्रश्न साहजिकच येतो. संगणक चौकोन पाडतो, पण पानाचे टोक कोठे तुटले, किंवा डोळ्याचा ठिपका एक घर खाली सरकल्याने मोर पेंगुळलेला कसा दिसू लागला, हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते. ज्याने स्वतः शेकडो पाने काढली आहेत, त्याला ते एका दृष्टिक्षेपात दिसते. ज्याने काढली नाहीत, त्याला काहीतरी खटकते एवढेच कळते. काय खटकते ते सांगता येत नाही. सरावाने हात सफाईदार होतो हे खरेच, परंतु त्याहून अधिक बदलते ती नजर. चित्रकलेच्या अभ्यासाचे सारे मर्म येथे आहे.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. सोलापुरातल्या एखाद्या सात वर्षांच्या मुलाला 'निसर्गचित्र काढ' असे सांगा. तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड. या मुलाच्या भोवती सपाट माळ आहे. त्याच्या रस्त्यावर कडुलिंब आहे, शाळेच्या कुंपणाशी बाभूळ आहे. त्रिकोणी डोंगर आणि त्यातून निघणारी नदी त्याने बहुधा पाहिलेलीही नसते. तो डोळ्यांनी पाहिलेले काढत नाही, तर इतरांच्या चित्रांतून पाठ झालेल्या खुणा काढतो. लहानपणी यात काही वावगे नाही. अडचण अशी, की बहुतेकांची चित्रकला याच खुणांपाशी थांबते, आणि पुढे चाळिसाव्या वर्षी हातात पेन्सिल घेतली तरी तेच दोन डोंगर उमटतात. अशी व्यक्ती म्हणते, 'माझ्या हातात कला नाही.' वास्तविक उणीव हाताची नसते. त्याच हाताने ती सुवाच्य अक्षर काढते, सुईत दोरा ओवते, पोळी गोल लाटते. पाहण्याची सवयच कधी लागलेली नसते.

येथे आपल्या घरांतील गृहिणींविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे एक ग्राफच आहे. पंधरा ठिपके, पंधरा ओळी समान अंतरावर मांडायच्या, डावी-उजवी बाजू जुळवायची, चिमटीतून सुटणाऱ्या भुकटीची जाडी सर्वत्र एकसारखी राखायची आणि खोडरबराची सोय नाही! तीस-चाळीस वर्षे हे रोज करणारी स्त्री 'मला चित्र कुठे येते?' असे संकोचाने विचारते, तेव्हा तिने आपल्याच विद्येवर अन्याय केलेला असतो. तिच्या हाताची तयारी झालेली आहे. तिने फक्त ठिपक्यांवरून नजर उचलून समोरच्या वस्तूकडे वळवायची आहे.

वर्षांच्या सरावाने काय घडते, याचे दाखले कलेच्या इतिहासात मुबलक आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी चित्रकार व्हायचे ठरवले तेव्हा १८८० साल उजाडले होते आणि त्यांचे वय २७ होते. त्या काळी शार्ल बार्ग यांची रेखाटनाची अभ्यासचित्रे विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध होती. व्हॅन गॉग यांनी ती एकामागून एक उतरवून काढली. पुढे हेगमध्ये असताना दूर-जवळचे प्रमाण नीट यावे म्हणून तारा ताणलेली एक लाकडी चौकट ते वापरत. म्हणजे त्यांनाही चौकोनांचा आधार घ्यावासा वाटला! १८९० साली त्यांचे निधन झाले. त्या अखेरच्या वर्षीही बार्ग यांचे धडे त्यांनी पुन्हा गिरवायला घेतले होते. जपानचे होकुसाई (१७६०–१८४९) यांची जगप्रसिद्ध लाट त्यांच्या वयाच्या सत्तरीच्या सुमारास आली. फुजी पर्वताच्या शंभर दृश्यांच्या आपल्या पुस्तकाला जोडलेल्या मनोगतात त्यांनी सत्तरीपूर्वीच्या आपल्या कामाला फारसे मोल दिलेले नाही, आणि नव्वदी-शंभरीत आणखी प्रगती होईल अशी उमेद व्यक्त केली आहे. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हाच आपला परिसर वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर येथे १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे भव्य फलक रंगवले. प्रत्येकाची शैली वेगळी, काळ वेगळा. पण पुन्हा पुन्हा काढण्याला पर्याय कोणालाच सापडला नाही.

मात्र सराव म्हणजे नुसती पुनरावृत्ती असे समजल्यास फसगत होते. चुकीचे अक्षर हजार वेळा गिरवले, तर चूकच पक्की होते. रेखाटनाच्या सरावात प्रत्येक चित्रानंतर वस्तूकडे परत जाऊन 'माझे कोठे चुकले?' हे विचारावे लागते. त्यासाठी काही सोप्या रीती येथे देत आहोत. कोणत्याही वयाच्या वाचकाला त्या करून पाहता येतील.

घरातला तांब्या समोर ठेवा. नवशिक्या त्याचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढतो आणि बूड सरळ रेषेने संपवतो, कारण तोंड गोल असते आणि बूड जमिनीवर सपाट टेकते हे त्याला माहीत असते. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा खाली असलेले तोंड चपटे, लंबगोल दिसते. बूड त्याहून खाली असल्याने त्याचा वळसा अधिक गोलाकार दिसायला हवा. माहीत असलेले आणि दिसणारे यांतला हा फरक ज्या दिवशी पटतो, त्या दिवशी खरा आरंभ होतो. प्रमाणासाठी हात पूर्ण ताठ करून पेन्सिल डोळ्यासमोर धरावी, एक डोळा मिटावा आणि तांब्याची रुंदी त्याच्या उंचीत किती वेळा मावते ते मोजावे. खुर्ची काढताना पायांऐवजी पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढून पाहावेत. त्या जागांना नाव नसल्याने मन आपली ठरीव खूण तेथे घुसवू शकत नाही. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एखादे रेखाचित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करण्याचा अभ्यास दिला आहे. त्यामागचे कारणही हेच: उलटे चेहरे ओळखीचे वाटत नाहीत, म्हणून रेषा जशा आहेत तशा दिसतात. खोडरबर पहिली दहा मिनिटे दूर ठेवावा. चुकलेली रेषा तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी बरोबर रेषा काढावी, म्हणजे आपण किती आणि कोणत्या बाजूला चुकतो हे कागदच सांगू लागतो. प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी आणि तोच तांब्या महिन्याने पुन्हा काढावा.

वेळ किती द्यावा? रोज २० मिनिटे दिली, तर वर्षाला १२१ तासांहून अधिक होतात आणि दहा वर्षांत १,२०० तासांचा टप्पा ओलांडला जातो. याउलट उत्साहाच्या भरात महिनाभर दर रविवारी दोन तास बसून मग वही मिटली, तर हाती आठ-दहा तासच लागतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे शब्दशः खरी आहे.

या वाटेवर एक अवघड वळण हमखास येते, आणि बहुतेक जण तेथूनच परततात. पहिल्या काही महिन्यांत प्रगती भराभर दिसते. मग एकाएकी स्वतःची सगळी चित्रे वाईट दिसू लागतात. काल आवडलेले आज खटकते. 'आपण मागे जात आहोत' असे वाटून पेन्सिल खाली ठेवली जाते. अशा वेळी जुन्या तारखांची पाने उघडून पाहावीत. हात मागे गेलेला नसतो, नजर पुढे गेलेली असते. पूर्वी न दिसणाऱ्या चुका आता दिसू लागल्या, म्हणून चित्रे वाईट वाटतात. नजरेला गाठायला हाताला काही काळ लागतो. तो गाठतो, मग नजर पुन्हा पुढे जाते. होकुसाईंचे सत्तरीतले असमाधान याच जातीचे असावे. या काळात घरच्यांनी 'छान आहे' असे वरवर म्हणण्यापेक्षा मागच्या वर्षीचे पान काढून शेजारी ठेवले, तर ते अधिक उपयोगी पडते.

पालकांशी दोन शब्द. आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दरवर्षी होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन असे त्यांचे विषय विचारपूर्वक निवडलेले आहेत. चिंचोळीच्या आरेखकाला आणि चादरीच्या नक्षीकाराला जे लागते, त्याचा पाया तेथे घातला जातो. या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलांना बसवले जाते, यातही गैर काही नाही. खेद इतकाच, की निकाल लागला त्या दिवशी पुष्कळ घरांतील रंगपेटी माळ्यावर जाते. जी विद्या नुकती रुजली, ती त्याच आठवड्यात पाण्यावाचून ठेवली जाते. गुणपत्रिकेनंतरही रोजची २० मिनिटे चालू राहतील एवढी मुभा मुलांना द्यावी. त्यांच्या चित्रात स्वतः हात घालून ते 'दुरुस्त' करू नये, आणि शेजारच्या मुलाच्या चित्राशी त्याची तुलना करू नये. त्याऐवजी 'यात तुला काय काय दिसले?' असे विचारावे. सुटीच्या दिवशी भुईकोट किल्ल्याची तटबंदी किंवा सिद्धेश्वराच्या तलावाचा काठ अशा ठिकाणी वही घेऊन मुलांसह बसावे, आणि शक्य तर एक वही आपल्यासाठीही न्यावी. आई-वडिलांना चुकत-माकत शिकताना पाहणाऱ्या मुलाला 'हातातच कला असावी लागते' हे वाक्य खरे वाटणार नाही.

ज्यांचे वय आता साठीपुढे आहे, त्यांनीही हा निवाडा आपल्यापुरता रद्द करायला हरकत नाही. निवृत्तीनंतरच्या सकाळी रिकाम्या असतात. एक जाड कागदाची वही आणि दोन पेन्सिली एवढाच खर्च. पहिले चित्र वाकडे येईल. त्याखाली तारीख घालून पान उलटावे, आणि उद्या तोच तांब्या पुन्हा समोर ठेवावा.